काळोखातील नाट्य आणि छायाचित्रकाराचा डोळा

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी चार दिवस पांढरकवड्यास जाण्याचा योग आला असता, तेथून जवळच असलेल्या एका गोंड वस्तीत रात्री दंडार पाहावयास मिळाली. दंडार हे नाव ज्या वाचकांस अपरिचित असेल त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की, यवतमाळ जिल्ह्याच्या या टोकास आणि पैनगंगा ओलांडली की लागणाऱ्या आदिलाबादच्या मुलुखात, गोंड व कोलाम लोक दिवाळीच्या सुमारास नाच, गाणे, सोंग आणि संवाद यांचा जो खेळ करतात, त्यास हे नाव आहे. मोरपिसांचा भलाथोरला टोप घातलेला, अंगास राख फासलेला, हाती दंडा घेतलेला घुसाडी. लुगडी नेसून स्त्रीवेषात आलेली कोवळी पोरे. आणि सर्वांस वेठीस धरणारा ढोल. रंगमंच म्हणजे वस्तीचे अंगण, विंगा म्हणजे दोन घरांमधील बोळ. उजेड काय तो खांबावरील एका दिव्याचा आणि शेकोटीचा. आदिलाबादेकडे हा उत्सव पौर्णिमेस आरंभून वद्य चतुर्दशीपर्यंत चालतो. म्हणजे चंद्र रोज थोडाथोडा कमी होत जातो आणि खेळ रोज थोडाथोडा अधिक काळोखात शिरतो. आम्ही गेलो तेव्हा चंद्राचे नाव नव्हते.

खेळ रंगात आला होता. घुसाडी शेकोटीच्या पलीकडून हळूहळू पुढे येत होता. प्रथम पिसांची कड, मग खांदा, मग एकदम डोळे असे त्याचे रूप काळोखातून सुटत होते. मुले आपल्या आयांच्या पदरास बिलगली. तेवढ्यात शहरातून आलेल्या एका गृहस्थांनी पुढे सरसावून आपला कॅमेरा उचलला आणि डोळे दिपवणारा फ्लॅशचा लखलखाट झाला. त्यामागोमाग दहावीस मोबाईलचे दिवे लागले. घुसाडी थबकला. त्याने हात डोळ्यांवर नेला, आणि भीतीने बिलगलेली मुले हसू लागली. खेळ पुढे चालू झाला खरा, पण तो जो मघा काळोखातून येत होता तो काही त्या रात्री पुन्हा आला नाही.

दुसरे दिवशी ते छायाचित्र आम्हांस दाखवण्यात आले. सफाईत काही उणे नव्हते. मोरपिसे एकेक मोजून घ्यावीत, राखेचे पट्टे स्पष्ट, वस्त्राची वीण दिसावी इतका रेखीवपणा. मागे मात्र काळी भिंत उभी करावी तसा नुसता काळा रंग. शेकोटी नाही, माणसे नाहीत, आणि नटाच्या चेहऱ्यावर देवाचे सोंग नसून डोळे दिपलेल्या माणसाचा गोंधळ. या चित्रातील कोणतीही एक वस्तू खोटी नव्हती आणि तरीही ते चित्र खोटे होते, असे आमचे मत झाले. ते का झाले, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मराठी नाटक आणि छायाचित्र ही जवळजवळ समवयस्क भावंडे आहेत. दागेरची युक्ती पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीस १८४३ साली झाले. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. पण ही दोन भावंडे एका घरात वाढली नाहीत. नाटक रात्रीचे, मशालीच्या, पुढे गॅसच्या व किटसनच्या उजेडात व्हावयाचे. छायाचित्रास दुपारचे ऊन आणि काचेचे छप्पर लागावयाचे. त्या काळच्या काचेला अशा उजेडात चेहरा टिपावयास कित्येक सेकंद लागत, आणि नट तर निमिषभरही एका जागी ठरत नाही. तेव्हा नाटकमंडळ्यांनी सोपा मार्ग काढला. नटाने रंगवस्त्रे चढवून दिवसाउजेडी स्टुडिओत जावे, मागे रंगवलेला पडदा, शेजारी तिवईवर फुलदाणी, आणि मान कलती करून उभे राहावे.

बालगंधर्वांची जी छायाचित्रे मराठी घराघरांतून पूजेतल्या तसबिरीप्रमाणे जपली गेली, त्यांतील पुष्कळशी या प्रकारची आहेत. आम्ही लहानपणी ती पाहिली, त्यांवर मोहित झालो, आणि बालगंधर्व म्हणजे काय ते आपणांस कळले असे समजून चाललो. कळले काय होते? शालू कसा नेसावा, अंबाड्यात फुले कशी माळावीत, नथ कोणत्या घाटाची असावी. अभिनयाचा त्यांत लवलेशही नाही. नट उभा आहे, प्रेक्षक नाहीत, समोरचे पात्र नाही, पदाची सुरावट नाही, आणि मुख्य म्हणजे तो उजेड नाही ज्यात ही मूर्ती प्रेक्षकांस दिसत असे. किटसनच्या दिव्यांत जो चेहरा अर्धा छायेत असावयाचा, तो येथे दुपारच्या सपाट उजेडात मांडला आहे.

‘मानापमाना’चा पहिला प्रयोग १९११ साली मुंबईस झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या तान्ह्या मुलीचे निधन झाले होते आणि तरीही ते भामिनीच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत मराठी वाचकास सांगावयास नको. त्या रात्रीचा तो चेहरा! हसऱ्या भामिनीच्या आड जे काही होते ते डोळ्यांत एखादे वेळी डोकावले असेल की नाही? पहिल्या रांगेतील एखाद्या प्रेक्षकास ते दिसले असेल, तो घरी जाऊन बायकोस सांगून निजला असेल, आणि त्याच्याबरोबर ते गेले. काचेवर ते उमटणे त्या उजेडात शक्यच नव्हते. आम्हांस मिळाली ती नथ.

येथे कोणी म्हणेल की, नटाने छायाचित्रासाठी निराळे उभे राहण्यात दोष तो कोणता? अमेरिकेत बार्बरा मॉर्गन या बाईंनी मार्था ग्रॅहम या थोर नर्तकीची जी छायाचित्रे घेतली आणि १९४१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, ती चालू प्रयोगातील नव्हेत. नृत्यातील एकेक क्षण निवडून, तो कॅमेऱ्यासमोर पुन्हा करवून, स्वतः योजलेल्या प्रकाशात ती घेतली आहेत. त्या चित्रांचे मोल आम्ही जाणतो. किंबहुना त्या मार्गाची बाजू घेऊन असेही म्हणता येईल की, तेथे नर्तकी व छायाचित्रकार या दोघींनी मिळून एक तिसरीच वस्तू निर्माण केली, आणि ही प्रयोगाची नक्कल आहे असे भासवले नाही. स्टुडिओतील बालगंधर्वांवरही आमचा राग नाही. राग आहे तो आमच्यावरच, कारण तसबीर समोर ठेवून आम्ही तीवरून प्रयोगाचा निवाडा करीत आलो. आजही एखादा विद्यार्थी जुन्या नटांच्या अभिनयास ‘कृत्रिम’ म्हणतो तेव्हा त्याने पाहिलेले काय असते? पाच सेकंद श्वास रोखून धरलेला एक माणूस.

काळोखास जिंकण्याचे प्रयत्न पुढे दोन वाटांनी झाले आणि या दोन वाटांतील भेद हाच आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. पहिली वाट दिवा वाढवण्याची. जर्मनीत १८८७ साली मॅग्नेशियमची स्फोटक पूड निघाली. ती पेटवली की लखलखाट, धूर आणि खोकला. पुढे १९३० च्या सुमारास काचेच्या गोळ्यातील फ्लॅश आला, त्यानंतर विजेचा. दुसरी वाट डोळा वाढवण्याची. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत ‘एर्मानॉक्स’ नावाचा मोठ्या भिंगाचा छोटा कॅमेरा निघाला आणि एरिख सालोमन या गृहस्थाने तो हाती घेऊन मुत्सद्द्यांच्या रात्रीच्या बैठका आणि न्यायकचेऱ्यांतील खटले, कोणास न कळता, असेल त्या उजेडात टिपले. १९२८ साली बर्लिनच्या एका खुनाच्या खटल्यात त्याने आपला कॅमेरा टोपीत दडवून नेला होता. १९५४ साली ‘ट्राय-एक्स’ ही वेगवान फिल्म छोट्या कॅमेऱ्यांसाठी निघाली आणि नाट्यगृहाच्या काळोखात हातात कॅमेरा धरून बसणे सामान्य माणसाच्याही आवाक्यात आले. पहिल्या वाटेने जाणारा म्हणतो, मला दिसत नाही, तेव्हा जग उजळा. दुसऱ्याने जाणारा म्हणतो, जग आहे तसे असू द्या, मी डोळे उघडतो. रंगभूमीपुरते बोलावयाचे तर पहिला हा नाटकाचा शत्रू आहे.

हे शब्द कठोर वाटतील म्हणून थोडा खुलासा करतो. मनुष्याच्या डोळ्यास काळोखाची पुरती सवय होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. अंगणात शेकोटीभोवती बसलेल्या प्रेक्षकाने हा अर्धा तास खर्चून आपली दृष्टी कमावलेली असते. खेळ करणाऱ्याने तिच्यावर भिस्त ठेवलेली असते. एक लखलखाट ही कमाई क्षणात लुटतो, आणि ती एकाची नव्हे, सगळ्या अंगणाची. शिवाय त्या लखलखाटाचा उपयोग तरी किती? प्रकाशाचा नियम असा आहे की अंतर दुप्पट झाले म्हणजे उजेड चौथाईवर येतो. नाट्यगृहात विसाव्या रांगेत बसून जे सद्गृहस्थ मोबाईलचा फ्लॅश मारतात ते नटास उजळीत नसून पुढील रांगेतील टकलांस उजळीत असतात. त्यांच्या संग्रही अशा टकलांची केवढी चित्रशाळा जमली असेल!

मग डोळा वाढवणाऱ्याने करावे काय? येथे थोडा हिशेब अवश्य आहे, कारण या कलेतील नीती पुष्कळशी या हिशेबातच आहे. नाट्यगृहातील साधारण मंद प्रवेश घ्या. भिंगाचे तोंड २.८ इतके उघडून आणि संवेदनक्षमता १०० धरून चित्र घ्यावयाचे तर एका सेकंदाचा आठवा हिस्सा लागतो. तेवढ्यात नटाचा हात वितळून जातो. नाचणारा पाय थांबलेला हवा तर सेकंदाचा अडीचशेवा हिस्सा पाहिजे, आणि त्यासाठी संवेदनक्षमता ३२०० पर्यंत चढवावी लागते. दंडारीचे अंगण याहूनही काळोखे. तेथे ६४०० चढवूनही सेकंदाचा साठावा हिस्सा पदरात पडला तर भाग्य. संवेदनक्षमता चढवावी तसे चित्रावर कण उमटतात; भिंग उघडावे तसे डोळे स्पष्ट आले तर कान पुसट होतात; वेळ वाढवावा तर हालचाल सांडते. तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. कोणती सोडावयाची हे यंत्र सांगू शकत नाही, ते प्रयोग सांगतो. मूक शोकाच्या प्रवेशात हालचाल थोडी आहे, तेथे वेळ वाढवावा आणि चेहरा निर्मळ घ्यावा. ढोल वाजत असेल तर हात पुसट होऊ द्यावेत. ढोलकऱ्याचे हात दगडासारखे थिजलेले दाखवणे यात मोठेपणा तो कोणता? कणांस आमच्या मते फारसे भ्यावयाचे कारण नाही. काळोखालाही पोत असतो.

यापुढे जी गोष्ट लागते ती बाजारात मिळत नाही. ती म्हणजे रसिकता. प्रत्येक हालचालीत एक क्षण असा येतो की तेथे गती स्वतःच विसावते: उडीच्या माथ्यावर, गिरकी फिरण्याच्या आधी, वाक्य संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी नट श्वास घेतो तेथे. हा क्षण ज्यास आधी कळतो त्यास मंद उजेडही पुरतो. गवई समेवर येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते ते टिपावयास ताल कळावा लागतो. न कळणारा तानेच्या मध्यावर उघडे तोंड घेऊन घरी येतो. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या निमित्ताने श्री. सतीश पाकणीकर यांची गायकवादकांची छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांस हा भेद निराळा समजावून देण्याचे कारण नाही. तेथे गाणे ऐकलेला माणूस कॅमेऱ्यामागे आहे हे चटकन उमगते. श्री. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांमागे हिंडून केलेले ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तकही याच कारणास्तव आम्हांस मोलाचे वाटते. फडावरील माणसांस या चित्रकाराचा सराव झालेला आहे आणि चित्रकारास त्यांच्या रात्रीचा. असा सराव होण्यास दिवस घालवावे लागतात. मोटारीतून उतरून पंधरा मिनिटांत तो होत नाही.

अलीकडे एक नवेच संकट उभे राहिले आहे आणि ते फ्लॅशहून सोज्वळ दिसते म्हणून अधिक घातक आहे. हल्लीचे मोबाईल रात्रीचे चित्र घेताना एकामागून एक अशी अनेक चित्रे घेतात, त्यांची गोळाबेरीज करतात, आणि काळोख उपसून काढून दिवसासारखे लख्ख अंगण आपल्या हाती देतात. कोणाचे डोळे दिपत नाहीत, खेळ थांबत नाही; मग तक्रार कसली? तक्रार अशी की, अंगणात बसलेल्या एकाही माणसाने जे पाहिले नाही ते हे यंत्र पाहिल्याचे सांगते. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे, हाती समई घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. आपल्या कन्येस समई धरून उभे करून त्यांनी ते रंगवले. बोटांच्या फटींतून ज्योतीचा तांबूस उजेड झिरपतो आहे, चेहऱ्याची एक बाजू उजळली आहे, बाकी सर्व काळोख. समजा, एखाद्या उत्साही कारागिराने त्या चित्राचा काळोख ‘सुधारून’ मागील भिंत व तिच्यावरील खुंट्या स्पष्ट केल्या. त्यास आपण शाबासकी देऊ काय? पण दंडारीच्या बाबतीत आपण नेमकी हीच शाबासकी देत आहो. नाटकात काळोख म्हणजे उजेडाचा अभाव नव्हे; लेखकाने स्वल्पविराम द्यावा तसा तो दिलेला असतो. घुसाडीचे सारे बळ तो कोठून येतो हे न दिसण्यात आहे. बोळ उजळला की देव गेला आणि तेथे रंग फासून आपल्या पाळीची वाट पाहणारा शेजारी उभा राहिला.

पांढरकवड्याच्या बाजारात हल्ली तोफेएवढाली भिंगे खांद्यावर घेतलेली माणसे पुष्कळ दिसतात. टिपेश्वरचे अभयारण्य जवळच आहे आणि वाघ पाहावयास लांबलांबून लोक येतात. ही माणसे जंगलात कशी वागतात ते आम्ही पाहिले आहे. श्वास दाबून बसतात, आपसांत खुणेने बोलतात, आणि वाघाच्या डोळ्यांवर दिवा मारावयाचा नाही हा नियम प्रत्येकास पाठ असतो. वाघ झाडीच्या सावलीत बसला तर सावलीतलाच वाघ घेऊन समाधानाने परततात. त्यास कोणी ‘जरा उन्हात या’ म्हणत नाही. आणि हीच माणसे संध्याकाळी एखाद्या वस्तीवर गेली की माणसाच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर फ्लॅश उडवतात, ढोल मध्येच थांबवून ‘पुन्हा एकदा उडी मार’ म्हणून सांगतात. जनावराचा मान आपण शिकलो ही आनंदाची गोष्ट आहे. नटाचा मान शिकण्यास निराळा कायदा लागावा काय?

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा असता तर आम्ही इतकी पाने खर्ची घातली नसती. आदिलाबादच्या गोंडांवरील हायमेन्डॉर्फ यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्यापूर्वी त्यांनी त्या लोकांत राहून त्यांची छायाचित्रेही घेतली. मार्लवाईचे कनकराजू यांस घुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे या खेळाकडे लोकांचे लक्ष आहे, आणि यापुढे त्याची चित्रे अधिकच निघतील. महोत्सवांतून पाट्याच्या मंचावर, भर दुपारी, पाहुण्यांच्या रांगेसमोर दंडार करवून घेण्याची चाल आता सर्रास पडली आहे. तेथील चित्रे स्वच्छ येतात, वर्तमानपत्रांत छापून येतात. आणखी चाळीस वर्षांनी या वस्तीतील एखादा शिकलेला मुलगा आपल्या आजाची दंडार कशी होती हे शोधू लागेल तेव्हा त्याच्या हाती हीच चित्रे पडतील. आम्हांस बालगंधर्वांची नथ मिळाली तशी त्यास मोरपिसे मिळतील, मोजून.

उलट बाजूचेही एक म्हणणे आहे आणि ते आम्हांस निरुत्तर करते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. खेळ करणाऱ्यांनाच जर आपले चित्र लख्ख, भरपूर उजेडातले हवे असेल तर? नव्या लुगड्याचा रंग दिसावा, टोपास जी पिसे महिनाभर खपून बांधली ती दिसावीत, ही इच्छा अगदी न्याय्य आहे. बालगंधर्वांनाही ती असली पाहिजे. त्या इच्छेसाठी सकाळी अंगणात उभे राहून खुशाल चित्रे घ्यावीत, ती घरांत लावावीत. फक्त त्यांखाली ‘दंडार’ असे लिहू नये, ‘दंडारीचा पोशाख’ असे लिहावे.

दुसऱ्या दिवशी ज्या अंगणात ते सफाईदार छायाचित्र पाहिले तेथेच आणखी एक चित्र निघाले. वस्तीतील शाळकरी मुलाने आपल्या भावाच्या जुन्या मोबाईलवर, दिवा न लावता, घेतलेले. त्यात दाखवण्याजोगे फार थोडे होते. शेकोटीचा तांबडा गोळा, मोरपिसांचा नुसता हिरवट धूर, कोपऱ्यात कोणाची तरी पाठ, आणि ढोलावर उतरणारे दोन हात, इतके पुसट की बोटे चार की चाळीस ते सांगता येऊ नये. आम्ही ती दोन्ही चित्रे शेजारी शेजारी धरून वस्तीतील एका म्हाताऱ्यास विचारले की, बाबा, यांतले बरे कोणते? त्याने पहिले हातात घेतले, पिसे निरखली, चांगले आहे म्हणाला. मग दुसरे डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिले आणि त्या पुसट हातांवरून ढोलकऱ्याचे नाव सांगितले. पुन्हा पहिल्याकडे बोट करून म्हणाला, “हा तं थांबला न सर. अन् हा पाहा, हा वाजवून राह्यला.”